काठ साफ, मधे तांबं तसंच: घरगुती पीसीबीचं एचिंग सगळीकडे सारखं कसं करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका लहान वर्कशॉपमध्ये शेतीपंपाच्या ऑटोस्टार्टरचं (वीज आली की पंप आपोआप सुरू करणाऱ्या पेटीचं) कंट्रोल कार्ड, म्हणजे त्याचा पीसीबी (छापील सर्किट बोर्ड), घरच्या घरी बनवायचं आहे. बोर्ड १० बाय १५ सेंटिमीटर, एकाच बाजूला ३५ मायक्रॉन तांबं. ट्रॅकची, म्हणजे वीज वाहणाऱ्या तांब्याच्या वाटांची, लेझर प्रिंट इस्त्रीने तांब्यावर उतरवली; प्रिंटचा काळा टोनर खालचं तांबं वाचवतो आणि उघडं तांबं द्रावण खातं, तेच एचिंग. १०० ग्रॅम फेरिक क्लोराईडची ढेकळं २०० मिली पाण्यात विरघळवली आणि प्लास्टिकच्या पसरट ट्रेमध्ये बोर्ड टाकला. पंधरा मिनिटांत काठ साफ होतात, मधे मात्र तळहाताएवढं तांबं राहतं. ते निघेपर्यंत काठालगतचे ट्रॅक कुरतडून तुटतात. हेच द्रावण आता तिसऱ्या बोर्डाला वापरलं आहे, आणि विचारणा अशी की द्रावण आणखी कडक करावं का.

कडक करू नका. फेरिक क्लोराईड एका मर्यादेपलीकडे दाट केलं की ते काकवीसारखं जड होतं, तांब्याच्या पृष्ठभागाशी त्याची हालचाल मंदावते आणि एचिंग उलट सावकाश होतं. तुमची अडचण द्रावणाच्या ताकदीची कमी आणि ताजं द्रावण सगळीकडे सारखं न पोचण्याची जास्त आहे. तांब्याला लागून असलेला द्रावणाचा पातळ थर काही सेकंदांत वापरून संपतो. तो बाजूला सरकून नवा आला तरच काम पुढे जातं. काठाला बाहेरून ताजं द्रावण सतत मिळतं, मधल्या भागाला मिळत नाही. मधे मोठं मोकळं मैदान असेल तर तिथे खायचं तांबंही जास्त असतं, म्हणजे पुरवठा कमी आणि मागणी जास्त.

आधी हिशेब करू, कारण तो कोणी करत नाही. १५० चौरस सेंटिमीटरवर ३५ मायक्रॉन तांबं म्हणजे साधारण ४.७ ग्रॅम. ट्रॅक आणि पॅड (सोल्डर करायच्या तांब्याच्या टिकल्या) मिळून ३० टक्के जागा धरली, तर एका बोर्डातून ३.३ ग्रॅम तांबं काढायचं आहे. एक ग्रॅम तांबं विरघळवायला पिवळसर-तपकिरी ओलसर ढेकळांचं फेरिक क्लोराईड सुमारे ८.५ ग्रॅम लागतं. म्हणजे १०० ग्रॅम ढेकळं कागदावर पावणेबारा ग्रॅम तांबं खातील. प्रत्यक्षात निम्मी ताकद संपली की वेग इतका पडतो की मधला भाग आणि काठ यांच्यातली तफावत वाढतच जाते. तुमच्या पहिल्या दोन बोर्डांनीच ६.६ ग्रॅम घेतले. तिसरा बोर्ड थकलेल्या द्रावणात गेला. त्यामुळे १०० ग्रॅम ढेकळांत असे दोनच बोर्ड करायचे, असं धरून चाला.

काळपट-हिरवट चुरा किंवा पापुद्रे मिळाले असतील तर ते निर्जल फेरिक क्लोराईड आहे. तेवढ्याच वजनात त्याची ताकद जवळपास पावणेदोन पट असते, म्हणून एक लिटरला ५०० ऐवजी ३०० ग्रॅम पुरतात. ते पाण्यात पडताच खूप उष्णता सुटते, उकळी फुटून शिंतोडे उडू शकतात. नेहमी पाण्यात पूड टाकायची, पुडीवर पाणी ओतायचं नाही. चमचा-चमचा टाकून ढवळायचं आणि मधे थांबायचं. गॉगल आणि रबरी हातमोजे यात सवलत नाही. कोल्हापूरच्या जुलैच्या दमट हवेत उघडी पिशवी दोन-चार दिवसांत पाणी ओढून चिखल होते आणि मग वजन करण्याला अर्थ राहत नाही. पिशवी फोडली की सगळ्याचं द्रावण करून प्लास्टिकच्या बाटलीत भरून ठेवणं बरं.

आता मुख्य गोष्ट. एचिंग सारखं होणार की नाही हे बोर्ड द्रावणात जाण्यापूर्वीच बहुतेक ठरलेलं असतं, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात ते दिसतं. म्हणून माझा आग्रह एकाच सवयीचा आहे: बोर्ड द्रावणात २० ते ३० सेकंद ठेवून बाहेर काढा, पाण्याखाली धुवा आणि उजेडात तिरका धरून पाहा. उघडं तांबं सगळीकडे सारखं फिकट गुलाबी, मंद, चमक गेलेलं दिसलं पाहिजे. जिथे अजून चकाकी आहे तिथे काहीतरी बसलं आहे: तेलकट बोट, कागदाचा तंतू, टोनरची धूसर साय किंवा नीट न उतरलेली ड्राय फिल्म (टोनरऐवजी तांब्यावर चिकटवायचा, प्रकाशाने पक्का होणारा पडदा). अजून दोन मायक्रॉनही तांबं गेलेलं नसतं, त्यामुळे बोर्ड पुसून ती जागा साफ करून परत टाकता येतो. दहा मिनिटांनी तोच दोष दिसला तर उपाय उरत नाही. एवढी साधी पाहणी बहुतेक जण वगळतात, याची मला खरंच हळहळ वाटते.

ही पाहणी पास व्हायची तर साफसफाई मन लावून करावी लागते. बोर्ड हव्या त्या मापापेक्षा चारी बाजूंनी १० मिलिमीटर मोठा कापा. काठाची जास्त वेगाने खाल्ली जाणारी पट्टी मग टाकाऊ भागावर पडते, नंतर ती कापून टाका. कापलेल्या कडेचा उचललेला काठ कानशीने घासून सपाट करा, नाहीतर इस्त्री तिथेच टेकते आणि आत टोनर चिकटत नाही. मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर किंवा भांड्यांची हिरवी घासणी घेऊन, वाहत्या पाण्याखाली, आधी उभं मग आडवं घासा. एकाच दिशेने घासलं तर रेषा राहतात आणि टोनर त्या रेषांवर पूल बांधल्यासारखा बसतो. चिंच-मीठ किंवा तांब्याची भांडी उजळायची पावडर काळेपणा काढते, पण तेलकटपणासाठी भांड्यांचा साबण हवाच. शेवटी स्वच्छ पाण्याने धुवून बोर्ड उभा धरा. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला तर तांबं साफ. पाणी फाटून थेंब झाले तर तिथे तेल आहे, परत घासा. प्लेटिंगच्या कामात असणाऱ्यांना ही परीक्षा पाठ असते, पीसीबीलाही तीच लागू आहे. लेथच्या शेजारी काम करत असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण त्या हवेत कटिंग ऑइलचा बारीक अंश असतोच. पुसल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात फिरवा, यापुढे बोर्ड फक्त कडेने धरा आणि तासाभरात टोनर चढवा.

टोनर उतरवल्यावर कागद पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवून चोळून काढता, तेव्हा बोर्ड ओला असताना सगळं स्वच्छ वाटतं. वाळल्यावर ट्रॅकच्या मधल्या फटी पांढुरक्या दिसतात. तो चकचकीत कागदाचा लेप आणि तंतू. लेप चुनखडीचा असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दोन मिनिटं बुडवल्यावर बारीक फेस येऊन तो सुटतो. मग जुन्या टूथब्रशने हलकं घासायचं. दोन-तीन वेळा वाळवून पाहिल्याशिवाय बोर्ड द्रावणात जाऊ देऊ नका. आणखी एक, पावसाळ्यात कागद ओलसर असतो. इस्त्रीखाली त्यातून वाफ निघते आणि मोठ्या काळ्या भागात टोनरला फोड येतात. प्रिंट काढण्यापूर्वी कागद कोरड्या, गरम जागी ठेवा. प्रिंटरमधली टोनर वाचवण्याची सोय बंद, काळेपणा सर्वात जास्त, आणि इस्त्रीची वाफ बंद. मोठे भरीव भाग तरीही सच्छिद्र राहतातच. तिथे पर्मनंट मार्कर फिरवा, मोठ्या पॅडवर नेलपेंट लावा.

ड्राय फिल्म वापरणाऱ्यांसाठी एवढंच: डेव्हलपर, म्हणजे नको असलेली फिल्म धुवून काढणारं द्रावण, धुण्याच्या सोड्याचं: एक लिटरला १० ग्रॅम, कोमट पाण्यात. खाण्याचा सोडा चालत नाही. बोअरच्या जड पाण्यात सोडा टाकला की पांढरा गढूळपणा येतो, कारण पाण्यातला चुना सोड्याशी मिळून खाली बसतो आणि डेव्हलपर कमजोर होतो. यासाठी आरओचं पाणी घ्या. न उतरलेली साय डोळ्यांना दिसत नाही, ती वरच्या अर्ध्या मिनिटाच्या पाहणीतच पकडली जाते.

डिझाइनचा वाटा लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे. रिकामी जागा ग्राउंडच्या (सर्किटच्या समाईक शून्य व्होल्ट जोडणीच्या) तांब्याने भरली तर काढायचं तांबं ७० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येतं, म्हणजे तुमच्या बोर्डात ३.३ ऐवजी १.४ ग्रॅम. वेळ कमी, द्रावण कमी, आणि मुख्य म्हणजे सगळीकडे साधारण सारख्याच रुंदीच्या फटी उरतात. त्या जवळपास एकाच वेळी साफ होतात. भरावाभोवतीची फट ०.५ मिलिमीटर ठेवा. अगदी अरुंद फटीत द्रावण हलत नाही, फार रुंद मैदानात ते पुरत नाही.

पण ऑटोस्टार्टरच्या कार्डावर ४१५ व्होल्टची बाजू आहे, तिथे भराव टाकायचा नाही. त्या बाजूच्या आणि कमी व्होल्टेजच्या ट्रॅकमध्ये मी किमान ८ मिलिमीटर पूर्ण रिकामं अंतर ठेवतो. मधे तांब्याची सुटी बेटंसुद्धा नकोत, कारण त्यांनी ते अंतर प्रत्यक्षात कमी होतं. म्हणजे या बोर्डावर एक मोठं मैदान राहणारच. ते बोर्डाच्या मधे ठेवण्याऐवजी काठाला आणा. तीन फेजच्या वायरींचे टर्मिनल तसेही कडेलाच असतात. काठाचा भाग लवकर खाल्ला जातो, त्याचा फायदा मोठ्या मैदानाला द्यायचा आणि बारीक ट्रॅक आत घ्यायचे. असं केलं की दोन्ही भाग जवळजवळ बरोबर संपतात. या पट्ट्यात केसाएवढी तांब्याची रेघ जरी राहिली तरी ती नुसती कुरूप नसते, धोकादायक असते. एचिंगनंतर भिंगाने पाहा आणि मल्टिमीटरने सर्वात जास्त ओहमच्या रेंजवर तपासा.

ट्रॅकची रुंदीही जरा सढळ हाताने घ्या. द्रावण खाली जातं तसं टोनरच्या खाली आडवंही जातं. हलत्या ट्रेमध्ये ३५ मायक्रॉन खोल जाईपर्यंत प्रत्येक बाजूने तेवढंच आत शिरलं, असं धरायचं. म्हणजे ०.३ मिलिमीटरचा ट्रॅक सगळं नीट झालं तरी ०.२३ च्या आसपास उरतो. काठ साफ झाल्यावर आणखी पंधरा मिनिटं मधल्या भागासाठी थांबलात की तो जातोच. घरगुती कामात ट्रॅक ०.४ आणि फट ०.३ मिलिमीटरच्या खाली नेऊ नये. १८ मायक्रॉन तांब्याचा बोर्ड मिळाला तर वेळ आणि कुरतडणं दोन्ही निम्म्यावर येतं.

तापमान. जानेवारीत कोल्हापुरात पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास असतो. त्या थंडीत ताज्या द्रावणालाही अर्धा तास आणि वर लागतो. ४५ अंशांवर नीट हलवलं तर आठ ते बारा मिनिटं पुरतात. ट्रे थेट शेगडीवर किंवा हॉटप्लेटवर ठेवू नका, मधे तापून कडा गार राहतात आणि असमानता विकत घेतल्यासारखं होतं. मोठ्या टबात ५५ ते ६० अंशांचं पाणी घ्या, त्यात एचिंगचा ट्रे ठेवा आणि बोर्ड टाकण्याआधी पाच मिनिटं द्रावण ढवळून सगळीकडे एकसारखं तापू द्या. द्रावण ५० च्या वर नेऊ नका, आम्लाच्या वाफा वाढतात. माशांच्या टाकीचे हीटर साधारण ३२-३४ अंशांवर थांबतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. ट्रे प्लास्टिकचा किंवा काचेचाच, स्टील आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

हालचालीची पद्धत निवडताना एक गोष्ट आधी समजून घ्या. खाल्लेल्या तांब्याचं द्रावण जड असतं आणि त्याबरोबर गाळही बसतो. तांब्याची बाजू वर ठेवली तर तो गाळ तिच्यावरच साचतो. म्हणून बोर्ड पालथा ठेवावा, चार कोपऱ्यांना प्लास्टिकचे ५-६ मिलिमीटरचे पाय लावून. मग जड द्रावण आपोआप खाली पडतं आणि त्याच्या जागी ताजं येतं. पालथा टाकताना एक कड आधी टेकवून तिरका सोडा, दहा सेकंदांनी उचलून पाहा. अडकलेल्या हवेच्या प्रत्येक बुडबुड्याच्या जागी नंतर तांब्याचा गोल ठिपका राहतो. ट्रे मिनिटाला पंधरा-वीस वेळा, एक बाजू १-२ सेंटिमीटर उचलून हलवा: एक मिनिट लांबीच्या दिशेने, एक मिनिट रुंदीच्या दिशेने. एकाच दिशेने हलवत राहिलात तर द्रावणाची लाट ठरावीक जागीच परतते आणि बोर्डावर पट्टे उमटतात. दर दोन मिनिटांनी बोर्ड १८० अंशांत फिरवा.

बाजू वर ठेवायचीच असेल तर छापचित्रकारांची एक युक्ती आहे. 'एडिंबरा एच' नावाने ती ओळखली जाते: तीन भाग पाण्यात एक भाग सायट्रिक अॅसिड विरघळवायचं, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्व, आणि असं एक माप चार मापं फेरिक क्लोराईडच्या दाट द्रावणात मिसळायचं. सायट्रिक अॅसिड गाळ विरघळत ठेवतं, फटी तुंबत नाहीत. ते जमत नसेल तर एक लिटर द्रावणात १०-१५ मिली हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तरी गंजासारखा साका कमी बसतो.

हवेच्या बुडबुड्यांची उभी टाकी उत्तम काम देते. माशांच्या टाकीचा एअर पंप, तळाशी पूर्ण लांबीभर छिद्रं पाडलेली प्लास्टिकची नळी, आणि बोर्ड उभा. एकच एअर स्टोन मधे ठेवला तर फक्त मधली पट्टी लवकर साफ होते, म्हणून नळी पूर्ण रुंदीची हवी. दर दोन मिनिटांनी बोर्ड उलटा लटकवा. मात्र उद्यमनगरातल्या वर्कशॉपसाठी एक इशारा: बुडबुडे फुटले की द्रावणाचे अदृश्य शिंतोडे हवेत उडतात आणि आसपासच्या लोखंडावर गंज चढवतात. लेथचा बेड, व्हर्नियर, टॅप-डाय यांच्या खोलीत ही टाकी लावू नका, आणि झाकणाशिवाय तर मुळीच नको.

एक-दोन बोर्डांसाठी मला स्पंजची पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. भराव टाकलेल्या तुमच्या मापाच्या बोर्डाला १०० मिली ताजं द्रावण पुरेल. बोर्ड ट्रेमध्ये सरळ ठेवा, मऊ स्पंजचा तुकडा द्रावणात भिजवून हातमोज्याने गोल-गोल, अगदी दाब न देता, पूर्ण बोर्डावर फिरवत राहा. दर काही सेकंदांनी स्पंज परत भिजवा. वापरलेला थर लगेच पुसला जातो आणि तीन ते सहा मिनिटांत काम होतं. सर्वात मोठा फायदा असा की जिथे तांबं मागे राहतंय तिथेच हात जास्त फिरवता येतो. सच्छिद्र किंवा कच्चा चिकटलेला टोनर मात्र स्पंजने निघतो, त्यामुळे इस्त्री चांगली झालेली हवी.

दोष वाचायला शिका, कारण प्रत्येकाचा आकार वेगळा असतो. गोल, स्पष्ट कडेचे ठिपके म्हणजे हवा. अंगठ्याच्या आकाराचा डाग म्हणजे तेल. मधे पसरलेला ढगासारखा भाग म्हणजे हालचाल कमी किंवा द्रावण थकलेलं. फक्त बारीक फटींत तांबं, बाकी साफ, म्हणजे कागदाचे तंतू. ट्रॅकच्या अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं पडली असतील तर टोनर पातळ आहे. एक अख्खी बाजू मागे पडली असेल तर ट्रे एका बाजूला कललेला किंवा गार आहे.

सध्याचा अर्धवट बोर्ड टाकून देऊ नका. काठाचे ट्रॅक अजून शाबूत असतील तर तो धुवा, पूर्ण वाळवा, साफ झालेल्या काठाच्या भागावर नेलपेंटचा हात द्या, म्हणजे ट्रॅकच्या उघड्या पडलेल्या बाजूही झाकल्या जातील, आणि वीस मिनिटं वाळू द्या. मग मधल्या तांब्यावर ताज्या द्रावणाचा स्पंज फिरवा. शेवटचं तांबं निघालं की नाही हे पाहायला ग्लास एपॉक्सीचा बोर्ड दिव्यासमोर धरा, उरलेलं तांबं सावलीसारखं दिसतं. तपकिरी फिनॉलिक बोर्डातून उजेड येत नाही, तिथे मल्टिमीटरच. साफ झाला की लगेच भरपूर पाण्याने धुवा. या पहिल्या धुण्याचं पाणी बादलीत धरा, कारण त्यातही तांबं असतं.

थकलेलं द्रावण मोरीत किंवा गटारात ओतू नका. शहरातले नाले शेवटी पंचगंगेला मिळतात, आणि पाण्यातलं थोडंसं तांबंही मासे आणि शेवाळ मारतं. मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत, उघड्यावर, त्यात जुनी लोखंडी तारेची घासणी किंवा लेथचा लोखंडी चुरा टाका. आधी थोडी उष्णता आणि फेस येईल, मग लोखंडावर तांबूस-तपकिरी भुकटी बसू लागेल, ते सुटलेलं तांबं. एक-दोन दिवसांनी वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या आणि धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट टाका. फेस जोरात येतो, म्हणून बादली अर्धीच भरलेली हवी. पीएच पट्टीवर ७ ते ८ आला की थांबा. रात्रभरात दाट गाळ खाली बसेल. तो कापडातून गाळा, वाळवा आणि आधीच्या तांब्याच्या भुकटीसह नाव लिहिलेल्या बरणीत साठवा. बरणी भरली की धोकादायक कचरा घेण्याची मान्यता असलेल्यांकडेच द्या. फरशीवर पडलेला पिवळा डाग ऑक्झॅलिक अॅसिडच्या पाण्याने निघतो, कपड्यावरचा सहसा निघत नाही.